किल्लारीआधीचे धक्के

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपेत होती आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. किल्लारी परिसरातल्या या भूकंपात सुमारे 10 हजार जीव गेले. त्याच्या आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, याच भागात लहान धक्के बसले होते. आज त्यांना इशारा म्हणणं सोपं आहे. तेव्हा ते कसं ओळखायचं?

खडकावर ताण वाढत गेला की तुटण्याआधी त्याच्यात बारीक भेगा पडतात. त्यातून लहान धक्के बसू शकतात, अडकलेला रेडॉन वायू सुटू शकतो, विहिरीची पातळी वरखाली होऊ शकते. पण पाऊस पडला, हवेचा दाब बदलला तरी रेडॉन कमीजास्त होतो. विहिरीचं पाणी तर शेजारच्या शेतात मोटर चालू झाली तरी उतरतं. त्यातल्या त्यात भरवशाची खूण पूर्वधक्क्यांची. तिचंही गणित कठीण आहे: कॅलिफोर्नियातल्या नोंदींनुसार शंभर धक्क्यांपैकी जेमतेम पाच-सहांच्या मागून काही दिवसांत त्याहून मोठा धक्का येतो. उरलेल्या वेळी गावंच्या गावं उघड्यावर झोपवायची का?

चीनमध्ये हायचंगला हे एकदा साधलं. 4 फेब्रुवारी 1975 च्या आधी धक्के इतके वाढले की कडाक्याच्या थंडीत लोकांना घराबाहेर काढलं गेलं. संध्याकाळी 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं वाचली. दीड वर्षाने तांगशानला असे पूर्वधक्के आलेच नाहीत. सरकारी आकड्यानुसार तिथे 2 लाख 42 हजार माणसं गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझा जीव गलबलतो.

कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला 1993 पर्यंत भूकंप होईल असा अंदाज बांधून भ्रंशाभोवती, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेभोवती, यंत्रांचं जाळं लावलं होतं. भूकंप आला 2004 मध्ये, आणि इतकी यंत्रं असूनही आधीची ठळक खूण सापडली नाही.

म्हणून मला कोयनेकडून जास्त आशा वाटते. 1962 मध्ये धरणात पाणी साठू लागल्यापासून तिथे धक्के बसत आले आहेत, तेही छोट्याशा टापूत आणि फार खोल नाहीत. 2017 मध्ये तिथे 3 किलोमीटर खोल विवर खणून झालं. पृष्ठभागावरच्या पावसापाण्याच्या गोंगाटापासून दूर, भ्रंशाच्या शेजारी यंत्रं उतरवून खडक तुटण्याआधी नेमकं काय होतं ते ऐकायचं, अशी ही धडपड आहे.