ग्लुकोमीटरचा आकडा आणि ‘अचूक’ या शब्दाचा गुंता

घरच्या घरी बोट टोचून साखर तपासणे रुळले ते १९८०च्या दशकात. त्याआधी भिस्त लघवीच्या तपासणीवर होती. त्यात काही तासांपूर्वीची स्थिती कळायची आणि साखर उतरलेली तर कळायचीच नाही. मीटर आल्यावर इन्शुलिनचा डोस आकडा पाहून ठरू लागला, त्यामुळे आकडा चुकला की डोसही चुकू लागला. आकडा खोटाच जास्त आला तर जादा इन्शुलिन टोचले जाते आणि माणूस झोपेतही बेशुद्ध होऊ शकतो. खोटाच कमी आला तर इन्शुलिन टाळून गोड खाल्ले जाते; शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या टाइप १ मधुमेहात त्याची परिणती किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्त आम्लयुक्त होऊन जिवावर बेतण्यात होऊ शकते.

म्हणजे चूक किती टक्क्यांची, याइतकेच ती रुग्णाला कुठल्या दिशेला नेते हेही महत्त्वाचे. १९८७ मध्ये मांडलेल्या ‘एरर ग्रिड’ने हेच केले होते: चुकांची विभागणी उपचारावर होणाऱ्या परिणामानुसार पाच भागांत. मानके ठरवताना मात्र भर टक्केवारीवर राहिला.

२००३च्या आंतरराष्ट्रीय मानकाने मीटरला ‘अचूक’ म्हणण्याची अट अशी घातली: साखर (रक्ताच्या दर डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर ९५ टक्के रीडिंग प्रयोगशाळेच्या आकड्याच्या २० टक्के आत हवीत, ७५च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. उरलेली ५ टक्के रीडिंग कितीही चुकली तरी या अटीला बाध येत नव्हता. दिवसातून चार वेळा तपासणाऱ्याच्या वाट्याला अशी रीडिंग आठवड्यातून एखादे तरी येऊ शकते.

२०१३ मध्ये मानक कडक झाले असे सर्रास सांगितले जाते. वरच्या पट्ट्यात ते खरे आहे: १०० किंवा त्याहून जास्त साखरेसाठी २० टक्क्यांची सूट १५ टक्क्यांवर आली आणि ९९ टक्के रीडिंग अशाच एका एरर ग्रिडच्या कमी धोक्याच्या भागांत असण्याची अटही जोडली गेली. पण १००च्या खाली सूट १५ मिलिग्रॅमची ठरली, म्हणजे ७५च्या खाली ती होती तेवढीच राहिली. खरी साखर ६० असताना मीटरने ७५ दाखवले तर ते २००३ मध्येही ‘अचूक’ होते आणि २०१३ नंतरही. ६० म्हणजे साखर उतरलेली; ते दिसले असते तर रुग्णाने लगेच साखर खाल्ली असती. ७५ पाहून तो गाडी चालवायलाही निघेल. जिथे चूक सर्वांत महाग पडते तिथेच सुधारणा पोचली नाही, हे मला त्या निर्णयातले मोठे न्यून वाटते. २०१६च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी खालच्या पट्ट्यालाही टक्केवारी लावली. तिथे ६०ला ५१ ते ६९ एवढीच मोकळीक ९५ टक्के रीडिंगना मिळते. एकच मीटर एका कसोटीवर अचूक आणि दुसरीवर नापास ठरू शकते ते यामुळे.

या सगळ्या कसोट्यांत न मावणारी चूकही घडून गेली आहे. रक्ताचा थेंब घेणाऱ्या, एका विशिष्ट एन्झाइमच्या चाचणी-पट्ट्यांना ग्लुकोज आणि माल्टोज ही दुसरी शर्करा यांतला फरक कळत नसे. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या एका द्रावणापासून शरीरात माल्टोज तयार होते, त्यामुळे या रुग्णांची साखर खोटीच जास्त दिसायची. अशा चुकीच्या रीडिंगशी जोडलेल्या १३ मृत्यूंची नोंद झाल्यावर अमेरिकेत २००९ मध्ये इशारा निघाला.

अंगावर लावून ठेवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर आल्यावर ‘अचूक’ हा शब्द आणखी गुंतला. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. साखर वेगाने बदलत असेल तर त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. झोपेत सेन्सरवर दाब पडला तर तो खोटा कमी आकडा देतो. त्याची अचूकता ‘सरासरी फरक’ म्हणून एकाच टक्केवारीत सांगतात आणि त्या सरासरीत दिशा दिसतच नाही. तरीही डिसेंबर २०१६ पासून बोट न टोचता सेन्सरच्या आकड्यावर इन्शुलिन घ्यायला अमेरिकेत मान्यता मिळू लागली. पुढे स्वयंचलित पंप तोच आकडा वाचून इन्शुलिन सोडू लागले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एका उत्पादकाने खोटा कमी आकडा दाखवणाऱ्या सेन्सरबद्दल सूचना काढली. त्या दोषाशी संबंध असू शकेल अशा ७ मृत्यूंची आणि ७३६ गंभीर घटनांची माहिती तोवर त्याच्याकडे आली होती. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करा, असे त्यात रुग्णांना सांगितले होते.