'हं' म्हणणारं कोणीतरी

मागच्या आठवड्यात मालवणच्या जेटीवर उभा होतो आणि देवगडहून आईचा फोन आला. वारा इतका की तिला माझ्याकडचा नुसता घोंघाटच ऐकू जात होता. म्हणून मी माझा माइक बंद केला आणि ऐकत राहिलो. न्हाणीच्या दारात रचलेल्या सोडणांखाली, म्हणजे नारळाच्या सालांखाली, फुरसं हा विषारी साप निघाला, ते ती सांगत होती. सुरुवात झकास झाली. चूल पेटवायला सोडणं हवी होती, ती वाकली, हात घातला... आणि तिथे अडखळली. "आयकतस मां रे?" मग जरा मागे जाऊन पुन्हा तेच. शेवटी "गेला ता खयंतरी" (गेलं ते कुठेतरी) म्हणून तिने गोष्ट गुंडाळली.

मी एक शब्दही चुकवला नव्हता. फक्त माझा 'हं' तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

ऐकणाऱ्याच्या अशा आवाजांना व्हिक्टर इंग्वे या भाषाशास्त्रज्ञाने १९७० साली 'बॅकचॅनल' हे नाव दिलं. आपल्याकडे त्याला हुंकार हा सुरेख शब्द आधीपासून आहे. बोलणं एका दिशेने चाललेलं असतं, तेव्हा दुसऱ्या दिशेने ही बारीक धार सतत वाहत असते. 'हं' म्हणताना तोंड मिटलेलं असतं, आवाज नाकातून येतो, म्हणून तो समोरच्याच्या बोलण्यावर चढत नाही. 'तू बोल, मी आहे' एवढंच तो सांगतो.

तो थांबला की काय होतं, हे कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बॅव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट तपासलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकाने आपल्यावरचं थोडक्यात टळलेलं संकट सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. काही ऐकणाऱ्यांना मात्र गुपचूप वेगळंच काम दिलं होतं: सांगणाऱ्याच्या तोंडी इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. कान उघडे, पण लक्ष गोष्टीत नाही. त्यांचे हुंकार आटले. त्यातही नेमक्या जागी दचकणं, श्वास आत ओढणं, चेहरा वेडावाकडा करणं जवळजवळ नाहीसंच झालं. आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या! शेवट तर फारच कोसळला. कोणी तो एकदम तोडून टाकला, कोणी त्याच जागी घुटमळत राहिला. हे वाचलं तेव्हा मला आईचं "गेला ता खयंतरी" आठवलं. गोष्ट दोघं मिळून सांगतात, हे माझ्यासाठी तरी त्या दिवशी सिद्ध झालं.

आमच्या कोकणातल्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्यात, हेच सगळा गाव मिळून करतो. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य देवापुढे ठेवतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणतात. इथे शब्द आहेत खरे, पण काम हुंकाराचंच. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

हुंकाराचाच भाऊ म्हणजे 'आं?'. ऐकू आलं नाही, कळलं नाही, की तोंडून आपोआप निघतो तो. मार्क डिंगेमान्से, फ्रान्सिस्को तोरेरा आणि निक एन्फिल्ड यांनी २०१३ मध्ये ३१ भाषांमधला हा आवाज धुंडाळला. आइसलँडपासून घानापर्यंत तो जवळजवळ सारखाच निघाला: जीभ आरामात, तोंड जरासं उघडं, एकच स्वर, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी वर चढणारा सूर. एकमेकांशी काही नातं नसलेल्या भाषा इथे एकाच जागी येऊन पोचल्या, कारण गरज सगळीकडे तीच. संभाषणात दोन माणसांच्या बोलण्यामधली फट साधारण २०० मिलिसेकंदांची असते. एवढ्या घाईत प्रश्न करायचा तर हाताशी असलेला सर्वांत सोपा आवाजच कामी येतो. या शोधाला २०१५ चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

काही आवाज मात्र ठिकाणाप्रमाणे अर्थ बदलतात. जीभ टाळूला लावून मागे खेचली की मधली पोकळी मोठी होते, तिथला दाब उतरतो आणि जीभ सुटताच हवा आत घुसून 'च्' असा आवाज होतो. लिहिताना आपण 'च्' लिहितो, पण हा वर्णमालेतला च नव्हेच. त्याच्यासाठी आपल्याकडे अक्षरच नाही. एकदाच केला तर 'नाही'. भराभर दोन-तीनदा केला तर कोणाच्या दुःखाबद्दल चुकचुकणं. ग्रीस आणि तुर्कस्तानातही एकेरी 'च्' म्हणजे नकार. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू भाषांत मात्र असे आवाज चक्क व्यंजनं आहेत, शब्दांच्या पोटात बसलेली.

संध्याकाळी मासळीच्या लिलावाला उभं राहिलं की 'शुक शुक'चं मोल कळतं. माणसांच्या गलक्यातली बरीचशी ताकद खालच्या कंप्रतांमध्ये, म्हणजे जाड्या सुरांत असते. 'श'ची फुसफुस त्याच्या बरीच वर, काही हजार हर्ट्झला. आणि आपला कान सर्वांत तिखट असतो तोही साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून नाव घेऊन मारलेली हाक बुडते आणि हलकीशी 'शुक शुक' पोचते.

रविवारी घरी गेलो. पडवीत शेजारची काकी आली होती आणि आई तिला फुरशाचीच गोष्ट सांगत होती. काकी आधी नुसतं 'हं... हं' करत होती. आईने सोडणात हात घातला तशी काकीने 'हाऽऽ' करून श्वास आत ओढला आणि पदर तोंडाला लावला. आई थांबली नाही. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून कसा आवाज करतं, हे मला फोनवर तिने सांगितलंच नव्हतं. आता तिने दात जुळवले आणि 'खर्रऽस्स्‌...' असा आवाज काढला. काकी ओट्यावरून पाय वर घेऊन बसली.