इनटेक मॅनिफोल्डवरील रिकामी तोंडे बंद करणे

थ्रॉटल बॉडीतून किंवा कार्ब्युरेटरमधून आलेली हवा मोटारगाडीच्या प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून देणारा भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. मुख्य वाटेखेरीज त्याला बरीच लहानमोठी तोंडे असतात. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसमधले वायू ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, दाब मोजणारा मॅप सेन्सर, टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारी पर्ज लाइन, जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स हे सगळे याच तोंडांना जोडलेले असतात. काही मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतो, त्याची तोंडे वेगळी. यांतले जे तोंड वापरात नाही ते बूच, टोपी किंवा पट्टी लावून कायमचे बंद करण्याच्या कामाची ही नोंद आहे.

तोंडे रिकामी राहण्याची कारणे साधी असतात. कारखाना एकच कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) अनेक मॉडेलांना वापरतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत ज्या तोंडावर नळी येते, ते मॅन्युअल गाडीत मुळातच बंद असते. इंजिन बदलले, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवले, बाजारातला दुसरा मॅनिफोल्ड लावला किंवा एखादे व्हॅक्यूमवर चालणारे उपकरण काढून टाकले, की आणखी एक-दोन तोंडे उघडी पडतात.

छोट्या भोकाचा मोठा परिणाम

पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब ३० ते ४० किलोपास्कलवर येतो. बाहेर समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ असतो. व्हॅक्यूम गेजवर हीच स्थिती पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांच्या आसपास दिसते. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांखाली गेला, की भोकातून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिचा वेग त्यापुढे वाढत नाही. मग आत व्हॅक्यूम आणखी वाढला तरी गळती वाढत नाही. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारा बारीक सूंऽऽ आवाज या वेगाने घुसणाऱ्या हवेचा असतो.

या वेगाने ३ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून किती हवा जाते याचा ढोबळ हिशोब केला, तर सेकंदाला सव्वा ग्रॅमच्या आसपास आकडा येतो. दीड लिटरचे गरम झालेले इंजिन आयडलिंगला सेकंदाला जेमतेम दोन-तीन ग्रॅम हवा घेते. म्हणजे बोटभर लांबीच्या एका व्हॅक्यूम निपलवरची (नळी चढवायच्या बारीक तोटीवरची) टोपी उडाली, तर इंजिनाला लागणाऱ्या हवेपैकी निम्म्याच्या जवळपास हवा भलत्याच वाटेने येऊ लागते. तेच इंजिन पूर्ण रेसवर सेकंदाला ७०-८० ग्रॅम हवा ओढते, थ्रॉटल उघडा असल्याने व्हॅक्यूम जवळपास नसतो, आणि गळतीचा मागमूस राहत नाही. म्हणूनच गाडी हायवेवर सुरेख पळते आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते. ही तक्रार ऐकल्यावर स्पार्क प्लग आणि इंजेक्टर बदलायला निघण्याआधी मॅनिफोल्डची सगळी तोंडे हाताने चाचपावीत.

गळतीचे लक्षण इंधनप्रणालीप्रमाणे बदलते. हवेचे वजन मोजणारा एमएएफ सेन्सर थ्रॉटलच्या आधी असतो. त्याच्या पुढे शिरलेली हवा कंप्युटरच्या हिशोबात येत नाही. हवा-पेट्रोलाचे मिश्रण १४.७ ला १ या प्रमाणापेक्षा पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो, कंप्युटर फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेतली दुरुस्ती) वाढवत नेतो आणि शेवटी मिश्रण पातळ असल्याचा पी ०१७१ हा कोड येतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी ०१७४ सुद्धा येतो. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत चित्र वेगळे दिसते. तिथे कंप्युटर मॅनिफोल्डमधला दाबच पाहतो, वाढलेल्या दाबाला शोभेल इतके पेट्रोल देतो, त्यामुळे मिश्रण फारसे बिघडत नाही पण आयडल वर चढते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात सावरून घेणारे कोणी नाही. तिथे मिश्रण थेट पातळ होते आणि इंजिन मिसिंग करते.

तोंड कुठे आहे यालाही महत्त्व आहे. मधल्या सामाईक पोकळीतल्या म्हणजे प्लेनममधल्या तोंडाची गळती सगळ्या सिलिंडरांत वाटली जाते. एका सिलिंडरच्या रनरवर, म्हणजे प्लेनममधून त्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेवर, असलेले तोंड गळले तर तो एकच सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असलेल्या इंजिनांत समतोल तपासण्यासाठी रनरवर बारीक निपल ठेवलेले असतात. त्यांपैकी एकाची टोपी फुटली तरी दोष एका सिलिंडरपुरता दिसतो आणि शोधणारा माणूस इग्निशन कॉइल उघडत बसतो.

तोंड रिकामे की नुसते सुटलेले?

कामाचा कस इथे लागतो. नळी नाही म्हणून तोंड निकामी ठरत नाही. नळी सुटून खाली पडलेली असू शकते किंवा आधीच्या दुरुस्तीत जोडायची राहिलेली असू शकते. अनेक गाड्यांच्या बॉनेटखाली व्हॅक्यूम नळ्यांची आकृती चिकटवलेली असते, नसल्यास त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. आधी ती पाहावी आणि मगच बूच हातात घ्यावे.

पीसीव्हीचे तोंड बंद केले तर पिस्टन रिंगांमधून खाली निसटणाऱ्या वायूंना वाट उरत नाही, क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तेल सील व गॅस्केटमधून बाहेर येऊ लागते. मॅप सेन्सरची नळी काढून तोंड झाकले तर सेन्सरला कायम बाहेरचा दाब दिसतो. कंप्युटरला वाटते थ्रॉटल पूर्ण उघडा आहे आणि तो भरमसाट पेट्रोल ओततो. जुन्या इंजेक्शन प्रणालीतला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर व्हॅक्यूमच्या मदतीने आयडलिंगला पेट्रोलचा दाब कमी करतो. त्याची नळी तोडल्यास आयडलिंगला मिश्रण जाड होते. ईजीआर (जळालेल्या वायूंचा काही भाग परत इंजिनात आणणारी व्यवस्था) आणि पर्ज लाइन प्रदूषण रोखण्यासाठी असतात, त्या बंद करणे अनेक देशांत कायद्याने मना आहे. ईजीआर बंद केल्यावर ज्वलनाचे तापमान वाढते, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि काही इंजिनांत नॉकिंगही (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते.

ब्रेक बूस्टरच्या तोंडाबाबत तर अजिबात घाई नको. बूस्टरला व्हॅक्यूम दुसरीकडून, म्हणजे स्वतंत्र पंपाकडून, मिळतो याची खात्री झाल्याशिवाय ते झाकले तर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते आणि गाडी थांबवायला कितीतरी जास्त जोर लागतो.

आट्यांचे बूच

धातूच्या मॅनिफोल्डवर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे आटे असलेले धातूचे बूच. इथे चुकीचे आटे निवडणे ही नेहमीची चूक आहे. अमेरिकी एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपीटी दोन्ही निमुळते असतात, दोन्हींचा उतार १ ला १६ असतो, पण एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंश तर बीएसपीटीचा ५५. पाव इंची मापात एनपीटीला इंचाला १८ आटे आणि बीएसपीटीला १९. त्यामुळे एकाचे बूच दुसऱ्यात दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जाते, मग अडते. अर्धा इंची मापात तर दोघांचेही आटे इंचाला १४ असल्याने ते अडतही नाही. नुसते गळत राहते. मापाच्या नावावरही विसंबू नये. १/८ इंची एनपीटी बुचाचा बाहेरचा व्यास सुमारे १० मिलिमीटर भरतो, कारण हे माप पाइपाच्या नावाचे आहे. व्हर्नियरने व्यास आणि पिच गेजने आटे मोजले की शंका राहत नाही. मेट्रिक तोंडे बहुधा समांतर आट्यांची असतात. तिथे आटे हवा अडवत नाहीत. ते काम डोक्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर अथवा ओ-रिंग करते.

निमुळते बूच पाचरीसारखे काम करते. जितके आवळावे तितके ते भोवतालच्या धातूला बाहेर रेटते आणि ॲल्युमिनियमची कास्टिंग इथेच तडकते. हाताने जाईल तितके फिरवून मग पान्याने साधारण दीड ते दोन फेरे पुरतात. बूच पूर्ण आत बसले नाही, दोन आटे बाहेर दिसतात, म्हणून आणखी पिळू नये. निमुळते बूच तसेच बसते. शेवटच्या पाव फेऱ्यात पान्याला लागणारा जोर सारखा वाढत जातो. तो वाढता वाढता अचानक कमी झाला, तर कास्टिंगला चीर गेली किंवा आटे गेले असे समजावे आणि तिथेच थांबावे.

आट्यांवर लावायला पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेली पेस्ट किंवा हवेविना घट्ट होणारा ॲनेरोबिक सीलंट चांगला. टेफ्लॉन टेप चालते, पण पहिला आटा मोकळा ठेवूनच गुंडाळावी. टोकावर आलेली टेप सुटून आत ओढली जाते आणि तिचे धागे बारीक वाटांत अडकतात. बूच पितळेचे घेतल्यास गरम झाल्यावर ते ॲल्युमिनियमबरोबर बऱ्यापैकी फुगते. पोलाद त्या मानाने निम्मेच प्रसरण पावते आणि ओलाव्यात गंजून धरतेही. रनरमधल्या तोंडाला लांब बूच लावू नये, कारण त्याचे टोक वाटेत डोकावून हवेचा प्रवाह तोडते.

ठोकून बसवलेला निपल काढून त्या जागी आटे पाडायचे असतील तर मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवावाच. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस लावल्याने सगळा कीस धरला जातो हा समज धोक्याचा आहे. ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तरी कॉम्प्रेशन जाते.

टोप्या, पट्ट्या आणि प्लास्टिकचे मॅनिफोल्ड

निपलवर चढवायच्या रबरी टोप्या सगळ्यात सोयीच्या आणि सगळ्यात कमी टिकणाऱ्या. उष्णतेने आणि ओझोनने त्या कडक होऊन तडकतात. तडा बहुधा निपलच्या कडेपाशी, खालच्या बाजूला पडतो, वरून टोपी ठणठणीत दिसते. ईपीडीएम रबर ओझोनला दाद देत नाही पण तेलाने फुगते. नायट्राइल रबर तेल सोसते, ओझोनपुढे टिकत नाही. सिलिकॉन उष्णता उत्तम सहन करते, मात्र पेट्रोलच्या वाफेत मऊ पडते. तेलाने मऊ झालेल्या टोपीचा माथा व्हॅक्यूममुळे हळूहळू निपलमध्ये खेचला जातो आणि एक दिवस गोल तुकडा कापला जाऊन आत जातो. टोपी जाड भिंतीची घ्यावी, वर क्लिप लावावी, आणि तिला तात्पुरता उपायच मानावे.

टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर तोंडावर व्हॅक्यूमही येतो आणि दाबही. १ बार बूस्टला (टर्बोने दिलेल्या जादा दाबाला) २५ मिलिमीटरच्या तोंडावर सुमारे ५ किलोचा रेटा बसतो. नुसती चढवलेली टोपी तिथे टिकत नाही. बॅकफायरच्या एका झटक्यानेही ती उडते. नळीचा तुकडा ठेवून त्यात बोल्ट खुपसण्याचा जुगाड सर्रास दिसतो. बोल्टचे आटे नळी आतून कापतात आणि आट्यांच्या खाचेतून हवा जातच राहते.

ईजीआरसारख्या दोन बोल्टच्या सपाट तोंडाला जाड पट्टी आणि गॅस्केट लागते. पातळ पत्रा बोल्टपाशी दबतो आणि मधे वाकून गळतो.

आजचे बरेच मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. त्यात निमुळते बूच पिळणे म्हणजे फाट पाडणेच. पितळी इन्सर्ट असेल तर समांतर आट्यांचे बूच ओ-रिंगसह लावावे, नसेल तर निपल जपून त्यावर क्लिपची टोपी घालावी. तुटलेल्या निपलच्या जागी इपॉक्सी भरण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. नायलॉनवर ती पकड धरत नाही आणि सुटलेला खडा सरळ सिलिंडरकडे जातो.

कूलंटची तोंडे

इथे गळतीची दिशा उलटी, आतून बाहेर. गरम इंजिनात कूलिंग सिस्टिम बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाबावर चालते. हीटरचे न वापरलेले तोंड बुचाने बंद करता येते, पण थर्मोस्टॅट मिटलेला असताना पाणी फिरवणारी बायपासची वाट बंद करू नये. तसे केले तर थर्मोस्टॅटपाशी गरम पाणी पोचत नाही आणि हेडमध्ये वाफ कोंडते. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बूच आणि जुना कूलंट एकत्र आले की आटे कुरतडले जातात. काही वर्षांनी बूच काढताना कास्टिंगचे आटेही त्याच्याबरोबर निघून येतात.

तपासणी

व्हॅक्यूमच्या तोंडांसाठी स्मोक मशीनइतकी खात्रीची चाचणी नाही. इंजिन बंद ठेवून अगदी कमी दाबाने धूर भरला की तो गळतीच्या जागी उगवतो. ते यंत्र नसेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहावा. आयडलिंगला वाढलेला ट्रिम २,५०० आरपीएमला पुन्हा जागेवर आला, तर हवा कुठून तरी शिरते आहे. गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आयडल बदलतो का पाहणे ही जुनी पद्धत आगीला आमंत्रण देते, त्यापेक्षा साबणाचे पाणी आणि हलका दाब बरा. कार्ब्युरेटरवरच्या काही निपलना आयडलिंगला व्हॅक्यूमच नसतो, थ्रॉटल थोडा उघडल्यावर तो येतो. तिथली गळती आयडलिंगला दिसत नाही, म्हणून रेस थोडी वाढवूनही तपासावे. कूलंटच्या बुचाची तपासणी इंजिन एकदा पूर्ण गरम करून पूर्ण थंड झाल्यावर करावी, कारण थंड होताना धातू आकसतो आणि पहिला थेंब तेव्हाच येतो.