वरून संथ, तळाशी सुसाट

कालव्याचं लोखंडी दार थोडंसंच उचललं की खालून पाण्याची वेगवान धार सुटते. धरू या, धार 30 सेंटिमीटर जाड आहे आणि सेकंदाला 6 मीटर वेगानं निघाली आहे. एवढ्या उथळ पाण्यावर लाट सेकंदाला जेमतेम 1.7 मीटर जाऊ शकते. म्हणजे पाणी स्वतःच्या लाटेच्या साडेतीन पट वेगानं पळतंय. हा साडेतीन म्हणजे या धारेचा फ्रूड अंक. पुढच्या खोल, संथ पाण्याला भिडल्यावर अशी धार एकदम उसळते, फेसाळते, गरजते. हाच हायड्रॉलिक जंप. इटलीतल्या तुरीनमध्ये बिदोने या अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर प्रयोग केले, आणि 1841 मध्ये बेलांजे या फ्रेंच अभियंत्यानं संवेगाच्या नियमावरून त्याचं सूत्र मांडलं. ते सूत्र सांगतं की आपली धार उसळून 1.34 मीटर खोल होईल. या खटाटोपात तिची सुमारे एक तृतीयांश ऊर्जा भोवऱ्यांत जिरते.

इथवर सगळं डोळ्यांना दिसतं. धरणाच्या सांडव्याखाली दिसणारा पांढरा कल्लोळ हा बहुधा असाच जंप असतो, आणि तो तिथं मुद्दाम घडवून आणलेला असतो.

आता खालच्या अंगाची, म्हणजे दाराच्या पुढच्या पाण्याची, खोली 1.34 वर न थांबता 1.8 मीटर झाली तर? पुढचं कुठलं तरी दार बंद असेल, गवतानं कालवा तुंबला असेल, किंवा खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा मागं आला असेल. जंप मागं रेटला जातो, थेट दाराला जाऊन टेकतो आणि पाण्याखाली जातो. फेस कमी होतो, आवाज दबतो. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी शांत झालं. पण धार कुठंही गेलेली नसते. ती त्याच सेकंदाला 6 मीटरनं दारातून निघते आणि तळाला चिकटून पळत राहते. फक्त तिच्या डोक्यावर पाण्याचा एक थर बसलेला असतो.

आणि हा थर उलटा वाहतो! वेगवान धार आजूबाजूचं पाणी ओढून घेते. त्या पाण्याची भरपाई पृष्ठभागावरून, खालच्या अंगाकडून दाराकडे होते. म्हणून पाण्याचा एक लांबलचक रूळ आडवा फिरत राहतो: तळाशी पुढं, वरती मागं. वरच्याच आकड्यांवर संवेगाचा हिशेब केला तर दाराला लागून खोली निघते सुमारे 1.2 मीटर, पुढं मात्र 1.8. म्हणजे पाण्याचा पृष्ठभागच दाराकडे उतरता असतो. तिथं टाकलेला ओंडका प्रवाहाबरोबर निघून न जाता दाराशी परत येत राहतो.

या बुडालेल्या जंपचा पाया घालणाऱ्या कामात बंगळुरूचा वाटा मोठा आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले गोविंद राव आणि राजरत्नम यांनी 1963 मध्ये यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. जंप किती बुडाला हे मोजायची त्यांची रीत साधी आहे: मोकळ्या, म्हणजे न बुडालेल्या, जंपला लागणाऱ्या खोलीपेक्षा पाणी जितकं जास्त खोल, त्याला त्या लागणाऱ्या खोलीनं भागायचं. आपल्या उदाहरणात हे प्रमाण 0.34 येतं. प्रयोगांवरून त्यांनी लांबीचंही सूत्र दिलं. त्यानुसार मोकळा जंप सुमारे 8 मीटरांत आटोपला असता, तो आता दहा मीटरांच्या पुढं जातो. राजरत्नम नंतर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात गेले. तळाला घासत जाणारी झोतधार म्हणून या प्रवाहाकडे बघायची दृष्टी त्यांनी रुजवली.

अभियंत्यांना ही लांबी छळते. वेग तळाशी टिकून राहतो आणि काँक्रीटची फरशी संपते तिथली माती पोखरू लागतो. पाटकऱ्याची अडचण वेगळी. मोकळ्या जंपमध्ये दाराच्या वरच्या अंगाची पातळी मोजली की विसर्ग कळतो. बुडालेल्या जंपमध्ये खालच्या पाण्याचा दाब दारापर्यंत पोहोचतो. वरची पातळी आधी 2.1 मीटर पुरत होती, तेवढंच पाणी काढायला आता 3 मीटर लागते. तक्ता मोकळ्या प्रवाहाचा वापरला, तर मीटरभर रुंदीतून सेकंदाला 1.8 घनमीटर जात असताना कागदावर जवळजवळ 2.2 लागतील. शेवटच्या टोकाचा शेतकरी मग विचारणारच, माझं पाणी कुठं गेलं?

जिवावर बेतते ती गोष्ट मात्र बुटक्या बंधाऱ्यांची. भिंतीवरून पडणारं पाणी खाली असाच बुडालेला जंप तयार करू शकतं. पोहणारा त्यात सापडला की पृष्ठभागावरचा प्रवाह त्याला भिंतीकडे नेतो, पडणारं पाणी खाली दाबतं, तळची धार पुढं ढकलते, आणि वर आला की पुन्हा भिंतीकडे. अमेरिकेत बिंगहॅम्टन इथं 1975 मध्ये सस्क्वेहाना नदीवरच्या अशा बंधाऱ्याखाली बचावाला गेलेली बोटच उलटली आणि अग्निशमन दलाच्या जवानांचा जीव गेला. बोटीचं इंजिनही या उलट्या प्रवाहापुढं हतबल ठरू शकतं. म्हणूनच काठावरून दोर फेकणं आधी, आपण पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी.

पाणी अगदी कमी असतं तेव्हा जंप भिंतीपासून दूर, उघड्यावर असतो. महापुरात, जसा कोल्हापूरचा राजाराम बंधारा दर पावसाळ्यात पंचगंगेखाली जातो, तसं दोन्हीकडचं पाणी जवळजवळ एका पातळीला येतं आणि प्रवाह वरून सरळ निघून जातो. पुराचे धोके तेव्हा असतातच, पण हा फिरता रूळ विरतो. तो सर्वांत घट्ट असतो मधल्या अवस्थेत, पाणी भिंतीवरून बेताचं वाहत असताना आणि खालची पातळी चढलेली असताना. पोरं पोहायला उतरतात ती नेमकी अशाच वेळी, कारण फेस नसतो. भिंतीच्या खालच्या अंगाला पायऱ्या बांधल्या किंवा मोठ्या दगडांचा उतार दिला, तर पडणारी धार तुकड्यातुकड्यांनी मोडते आणि रूळ बनायला जागाच उरत नाही. जुन्या बंधाऱ्यालाही हे नंतर करता येतं.