‘हे वेन’ आणि ‘स्मरणरंजन’ या शब्दाची अडचण

जुलै २०२२मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरी या कलादालनात खनिज तेलाला विरोध करणाऱ्या दोन आंदोलकांनी ‘हे वेन’वर, म्हणजे इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘गवताची गाडी’ या चित्रावर, त्याच चित्राची बदललेली आवृत्ती चिकटवली. तीत नदीच्या जागी रस्ता होता आणि आकाशात विमानं. रागासाठी नेमकं हेच चित्र निवडलं जातं, कारण इंग्लंडच्या ‘हरवलेल्या गावा’चं ते ठरलेलं प्रतीक आहे.

यावरचा मुख्य आक्षेप १९८०च्या दशकात जोर धरू लागला : चित्रकारानं कष्टकऱ्यांना दूर ढकललं. उजवीकडे उन्हातल्या शेतात गवत कापणारे आहेत खरे, पण पांढऱ्या सदऱ्यांचे ठिपके एवढेच. १८१५नंतर शेतीला मंदीनं घेरलं होतं. १८२२मध्ये कॉन्स्टेबलच्या सफक परगण्यातल्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. चित्रात याचा मागमूस नाही. आक्षेप खोडता येणार नाही.

आपल्याकडे मात्र हा वाद ‘स्मरणरंजन’ या एका शब्दानं आधीच निकालात निघतो. मूळ शब्द ‘नॉस्टॅल्जिया’, १६८८च्या, स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका वैद्यकीय प्रबंधातला. परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला, तोही एका दुखण्याचं नाव म्हणून. पुढे परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांशी हे दुखणं जोडलं गेलं. मराठीत येताना वेदना गळाली आणि रंजन उरलं. ‘गतकातरता’ हा दुसरा मराठी प्रतिशब्द जवळचा, पण त्यात गेलेला काळ आहे, सुटलेलं घर नाही. एकदा ‘रंजन’ म्हटलं की चित्रकार मजेत बसून गोड आठवणी उगाळत होता, असंच वाटतं.

कॉन्स्टेबलचं तसं नव्हतं. वडील १८१६मध्ये गेले होते. स्टूर नदीकाठची गिरणी त्यांची, आणि चित्रातलं पाणीही तिच्याजवळचंच. १८५ सेंटिमीटर रुंदीचा हा कॅनव्हास मात्र तो लंडनमध्ये रंगवत होता. जागेवर केलेली जुनी रेखाटनं हाताशी होती, तरी गाडीचं चित्र गावाकडून मागवावं लागलं. पाण्याच्या कडेला आधी घोडेस्वार होता, त्याच्या जागी पिंप आलं, शेवटी तेही बुजवलं. नीट पाहिलं तर त्या पिंपाचा आकार आज वरच्या रंगातून पुन्हा डोकावतो. आठवणीशी इतकी झटापट करणाऱ्याच्या कामाला रंजन म्हणायला माझं मन धजत नाही. ‘घरओढ’ म्हणावं.

१८२१च्या प्रदर्शनात चित्राचं नाव ‘निसर्गदृश्य : दुपार’ एवढंच होतं. गवताची गाडी नावात आली ती एका मित्रामुळे.