महास्फोटाची वात कोणी पेटवली?

देव आहे की नाही, या वादात हल्ली दोन्ही बाजू महास्फोटालाच, म्हणजे विश्वाला आरंभ होता असं सांगणाऱ्या सिद्धांतालाच, साक्षीला उभं करतात. आस्तिक म्हणतो, स्फोट झाला म्हणजे वात कुणीतरी पेटवली असणार. नास्तिक म्हणतो, समीकरणं पुरेशी आहेत. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तातला ‘खरोखर कोणाला ठाऊक आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक व्याख्यानात येतोच, तो इथे सोडून देतो. खरा गुंता १९४८ ते १९६५ या काळातला आहे.

विश्व एका आदिअणूतून उलगडलं, हे १९३१ मध्ये मांडणारा बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. साहजिकच काहींना त्यात बायबलचा वास आला. १९४८ मध्ये केंब्रिजच्या तिघांनी स्थिर स्थिती सिद्धांत पुढे आणला. विश्वाला आरंभ नाही. प्रसरणाने पडणारी पोकळी नव्या द्रव्याने भरत राहते. गंमत अशी, की आरंभीचा एक चमत्कार नको म्हणणाऱ्यांनी त्याचीच मोड करून ती अनंत काळावर वाटून दिली.

त्या तिघांपैकी फ्रेड हॉईलने मार्च १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर ‘बिग बँग’ हा शब्द वापरला. हिणवायला नव्हे, श्रोत्यांना चित्र दिसावं म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं. मराठीत त्याचा महास्फोट झाला. आता स्फोट म्हटला की जागा आली, आधीची शांतता आली, पेटवणाराही आला. सिद्धांतात यातलं काहीच नाही. तिथे अवकाशच ताणलं जातं, आणि शून्य क्षणापाशी समीकरणं गप्प होतात. निम्मा वाद या एका शब्दाने पोसला आहे.

उरलेला निम्मा २२ नोव्हेंबर १९५१ च्या भाषणाने. त्या दिवशी तेव्हाच्या पोपनी, बाराव्या पायस यांनी, आपल्याच विज्ञान अकादमीसमोर सांगितलं, की आधुनिक विज्ञान बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’ या आदिक्षणाची साक्ष देत आहे. हा निर्णायक पुरावा नव्हे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती; ती कोण लक्षात ठेवतो? सर्वांत अस्वस्थ झाला तो आदिअणूवाला धर्मगुरूच. आज देवाला एका सिद्धांताच्या खुंटीला बांधलं आणि उद्या खुंटीच उपटली गेली तर? त्याने पोपच्या विज्ञान सल्लागारापर्यंत ही काळजी पोचवल्याचं सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा तो दावा पुन्हा आला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचं पाऊल त्या धर्मगुरूचंच, आणि ते एका श्रद्धावंताचं होतं.

कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण, जयंत नारळीकर, साठच्या दशकात केंब्रिजमध्ये स्थिर स्थितीच्या बाजूने उतरला. द्रव्यनिर्मिती जादूने नव्हे, ऋण ऊर्जेच्या क्षेत्रातून होते आणि ऊर्जेचा ताळेबंद जुळतो, हे त्याने आपला गुरू हॉईलसोबत गणिताने दाखवलं. १९६४ मधल्या त्यांच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताने तो घराघरांत पोचला. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या अँटेनाने टिपलेलं सुमारे तीन केल्विनचं प्रारण, म्हणजे महास्फोटाच्या उष्णतेचा उरलेला अंश, जाहीर झालं आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. तरी हा गडी हटला नाही. १९९३ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह सुधारित आवृत्ती आणली. तीत एका महास्फोटाऐवजी अनेक लहान निर्मितिघटना होत्या.

१९८१ मध्ये व्हॅटिकनमधल्याच परिषदेत केंब्रिजच्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने, स्टीफन हॉकिंगने, काळाला कडाच नसेल, अशी कल्पना मांडली. कडा नाही, तर आरंभाचा क्षणही नाही. २०१४ मध्ये तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी मात्र महास्फोटाला निर्मात्याची गरज आहे, असं पुन्हा म्हटलं.