कंपाउंड आणि वॅक्स: रंग उडालेल्या फायबरच्या होडीला नेमकं काय हवंय?

फायबरच्या होडीचा रंग उडाला की दुकानातून दोनपैकी एक डबा येतो, रबिंग कंपाउंडचा नाहीतर वॅक्सचा. दोन्हींत पांढरट लेप असतो, दोन्ही कापडावर घेऊन गोल गोल घासायचे असतात आणि दोन्हींनी त्या संध्याकाळपुरती तरी होडी चमकते. त्यामुळे एक मिळालं नाही तर दुसरं चालेल, असं बरेच जण धरून चालतात. पण दोघांचं काम एकमेकांच्या उलट आहे. कंपाउंड होडीवरून काहीतरी काढून नेतं आणि वॅक्स होडीवर काहीतरी ठेवून जातं.

हा फरक समजायला होडी कशी तयार होते ते बघावं लागतं. फायबरची होडी बाहेरून आत बनते. आधी साचा गुळगुळीत घासून त्याला मेण लावतात, म्हणजे माल चिकटत नाही. मग त्यावर पहिला थर बसतो तो जेलकोटचा, म्हणजे रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा (पातळ असताना लावायचं, मग घट्ट होणारं प्लास्टिक). त्याच्या पाठीमागे मॅट (काचतंतूंची चादर), रेझिन, पुन्हा मॅट. सगळं घट्ट झालं की होडी साच्यातून सुटते आणि तिच्यावरची चमक असते ती साच्याची. नव्या होडीला सहसा कुणी पॉलिश मारलेलं नसतं, ती चमकतच बाहेर येते. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि रंग त्या अख्ख्या जाडीत मुरलेला असतो. वरचा रंग मेला तरी खाली तोच रंग जिवंत सापडतो, तो यामुळेच.

(लाकडी होडीवर नंतर फायबर चढवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे साच्यातला जेलकोट नसतो. वरचा थर ब्रशने किंवा रोलरने मारलेला असतो आणि बऱ्याचदा तो नुसता रंग असतो. अशा होडीवर कंपाउंड चालवण्याआधी कोपऱ्यात हातभर जागा घासून बघा.)

जेलकोट मारतं ते ऊन. बरेच जण खाऱ्या पाण्याला दोष देतात, पण ठाण्याच्या मासुंदा तलावासारख्या गोड्या पाण्यात उभ्या असलेल्या फायबरच्या होडीचा रंगही उन्हाने असाच उडतो. उन्हातले अतिनील किरण वरच्या पापुद्र्यातलं रेझिन तोडतात. रेझिनने धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात आणि हात फिरवला की भुकटी हाताला लागते. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, त्यांवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि होडी मळकट, फिकी दिसते. निळ्या आणि लाल होडीवर हे लवकर नजरेत भरतं. पांढरीवर उशिरा दिसतं, पण होत असतं तिथेही तेच. मिठाचा दोष एवढाच की खाडीतून आलेली होडी गोड्या पाण्याने न धुता कोरड्या फडक्याने पुसली, तर मिठाचे खडे आणि गाळ बारीक ओरखडे पाडतात.

आता त्या फिक्या जागेवर मगभर पाणी ओता. रंग लगेच गडद होतो, चमक येते. पाणी खड्ड्यांत भरतं, वरचा भाग सपाट होतो आणि प्रकाश सरळ परत येतो. वाळलं की पुन्हा फिकं. वॅक्स या बाबतीत पाण्याचंच काम करतं, फक्त जास्त दिवस टिकतं. भुकटी धरलेल्या जेलकोटवर वॅक्स मारलं की खड्डे भरतात आणि माणूस खूश होतो. पण खालचं मेलेलं रेझिन तिथेच असतं आणि वॅक्सची पकड त्या सुट्या भुकटीवर असते. पोपडे न खरवडता भिंतीला रंग मारावा तशी ही गत. थोड्या दिवसांत वॅक्स उडतं, जाताना भुकटीही नेतं आणि मग डब्याला शिव्या पडतात.

कंपाउंडमध्ये असतात घासणारे कण, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. ते मेलेला पापुद्रा खरवडून काढतात आणि खालचा ताजा जेलकोट उघडा करतात. म्हणजे रंग परत आणायचा असेल तर कंपाउंडला पर्याय नाही. डब्यावर काहीही छापलेलं असो, वॅक्सने रंग परत येत नाही.

मग नेहमी कंपाउंडच का मारू नये? कारण साच्यातला जेलकोट एकदाच मिळतो. प्रत्येक वेळी तुम्ही त्या अर्ध्या मिलिमीटरमधून थोडा थोडा खर्च करत असता. सपाट बाजूला तो खर्च जाणवत नाही. होडीच्या कडा, कोपरे, नाळेचं (होडीच्या पुढच्या भागाचं) टोक इथे पॅडचा दाब एका रेघेवर येतो आणि थर तिथेच आधी फाटतो. घासताना रंगाखालून मॅटच्या तंतूंचं जाळं किंवा रेझिनचे पिवळट-तपकिरी डाग दिसायला लागले, तर मशीन बंद करा. तिथला जेलकोट संपला आहे आणि तो कंपाउंडने किंवा वॅक्सने परत येत नाही.

लोक नेमकं उलट वागतात, असं मला वाटतं. कंपाउंड दर वर्षी मारतात आणि वॅक्स आठवण झाली तर. कारण उघड आहे. कंपाउंडचा परिणाम लगेच डोळ्यांत भरतो, तर वॅक्सचं काम म्हणजे काहीतरी न बिघडणं, ते कुणाला दिसत नाही. खरं तर कंपाउंड काही वर्षांतून एकदा आणि वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी, असा हिशोब हवा. वॅक्सने ऊन आणि पाणी थेट जेलकोटला भिडत नाही. आधी झिजतं ते वॅक्स, आणि ते पुन्हा लावता येतं.

वॅक्समध्येही दोन जाती सापडतात. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, दिसायला देखणं, पण आपल्या उन्हात लवकर उतरतं. दुसरे पॉलिमर सीलंट, जरा जास्त टिकतात. कार डिटेलिंगवाले हल्ली सिरॅमिक कोटिंगही सुचवतात. तेही शेवटी वरून चढवायचंच काम, म्हणजे वॅक्सच्याच बाजूचं. खालची भुकटी आधी काढली नसेल तर महागडं कोटिंगही फुकट जाईल.

डिटेलिंगवाल्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. वाशीत किंवा घोडबंदर रोडला गाडी चमकवणारा माणूस होडीही चमकवून देईन म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा की जेलकोटवर काम केलंय का? गाडीवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा, असतो, तर जेलकोट पाचशेच्या आसपास. म्हणून गाडीचा माणूस हलक्या हाताचा असतो. गाडीचं मऊ फोम पॅड आणि बारीक कंपाउंड घेऊन तो भुकटी धरलेल्या होडीवर दिवसभर फिरेल आणि संध्याकाळी होडी जेमतेम उजळेल. भुकटी जोरात असेल तर जेलकोटला लोकरी पॅड आणि जाडसर कंपाउंड लागतं, मशीनचा वेग मिनिटाला १२०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान. त्याहून जोरात फिरवलं तर पृष्ठभाग तापतो आणि कंपाउंड जागेवरच सुकून चिकटतं.

कामाला हात घालण्याआधी गडद रंगाचं कोरडं फडकं होडीवर घासून बघा (होडी गडद असेल तर पांढरं). होडीचा रंग फडक्याला आला तर भुकटी आहे, कंपाउंड लागणार. काही आलं नाही आणि होडी नुसती निस्तेज वाटत असेल तर आधी साबणाने धुऊन बघा. अनेकदा तो फक्त मळ असतो, किंवा जुन्या वॅक्सचे थर. पाण्याच्या रेषेवर जो तपकिरी-पिवळा पट्टा बसतो आणि बोल्टांखाली गंजाचे ओघळ दिसतात, त्यांना ना कंपाउंड हवं ना वॅक्स. ते डाग आहेत, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ पाण्याने जातात. हातमोजे आणि चष्मा घालून, मागून भरपूर पाण्याने धुऊन. डाग काढायला म्हणून जेलकोट खरवडत बसणं ही उधळपट्टी आहे.

भुकटी आहे असं ठरलं की सगळ्यात सौम्य कंपाउंडपासून सुरुवात करा, तीही दोन वितींच्या जागेत. तेवढ्याने उजळलं तर पुढे जायचं कारण नाही. नाही उजळलं तर जाड कंपाउंड. त्यानेही नाही तर वॉटर पेपर (ओल्याने घासायचा पॉलिश कागद, नंबर जितका मोठा तितका बारीक), १००० नंबरचा, फार झालं तर ८००, भरपूर पाणी लावून. पेपरने घासलेली जागा आणखी मळकट दिसते, घाबरायचं नाही. मग १५०० चा पेपर, मग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. जाडाकडून बारीककडे जात आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्याने मिटवायचे. हा मधला बारीक पॉलिशचा टप्पा लोक गाळतात आणि मग उन्हात होडीवर गोल गोल जाळी दिसते.

एक फसगत इथे हमखास होते. काही कंपाउंडमध्ये तेल असतं. घासून झालं की ते तेल ओरखड्यांत बसतं आणि होडी आरशासारखी दिसते, दोन-चार धुण्यांत तेल जातं आणि ओरखडे वर येतात. म्हणून वॅक्सचा डबा उघडण्याआधी घासलेली जागा साबणाने धुवा आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाडून बघा. चमक टिकली तर ती जेलकोटची आहे.

‘क्लीनर वॅक्स’ नावाचा तिसरा डबाही मिळतो, दोन्ही कामं एका हातात करणारा. त्यात थोडे घासणारे कण आणि थोडं मेण असतं. नुकती फिकी पडायला लागलेली होडी असेल आणि वेळ नसेल तर चालेल. भुकटी जोरात निघत असेल तर तो दोन्ही कामं अर्धवट करतो. मी तरी पैसे वेगवेगळ्या डब्यांवर घालीन.

दोन्ही डबे जिथे न्यायचेच नाहीत अशाही जागा आहेत. पाय घसरू नये म्हणून डेकवर जो खरखरीत नमुना असतो, त्यावर वॅक्स कधीच नको. ओल्या पायाने वॅक्सवर उभं राहिलेला माणूस थेट खाडीत जातो. कंपाउंडही तिथे खाचांत अडकून पांढरं होऊन बसतं. डेक ब्रश आणि साबणाने धुवायचा, बस्स. पाण्याखालच्या भागाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून वेगळा रंग मारतात. तिथे वॅक्स लागलं तर तो रंग धरत नाही.

काम होडी जमिनीवर चढवलेली असताना आणि सावलीत करा. उन्हात तापलेल्या फायबरवर कंपाउंड पसरायच्या आत सुकतं. ओल्या जेट्टीवर लांब वायर ओढून मशीन चालवणं जिवावरचा खेळ आहे, बॅटरीचं मशीन घ्या. आणि घासून निघालेला लगदा खाडीत सोडू नका. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीतही गेला. खाली जुनी ताडपत्री अंथरली की लगदा गोळा करता येतो.

मुहूर्ताचीही गडबड आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या काठावर चढतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांना रंगरंगोटी होते. सणाला होडी सजावी हे खरंच. पण ऑगस्टमध्ये लावलेलं वॅक्स दिवाळीनंतर उतरायला लागतं आणि अतिनील किरणांचा सगळ्यात मोठा मारा असतो मार्च ते मे. म्हणजे ज्या महिन्यांत गरज, त्याच महिन्यांत होडी उघडी. सणाच्या वॅक्सबरोबर फेब्रुवारीअखेर आणखी एक हात मारला तर जेलकोट वाचतो. पावसाळ्याच्या दमट हवेत वॅक्स सुकायला वेळ लागतो, त्यामुळे तेव्हा थर अगदी पातळ ठेवायचा. लावलेल्या जागेवर बोट ओढलं आणि रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यायचं. जाड लावून जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त दंड दुखतात. बाकी होडी वापरात नसेल तेव्हा नीट ताणून बांधलेली ताडपत्री या दोन्ही डब्यांपेक्षा सरस. फडफडणारी नको, ती स्वतःच जेलकोट घासते.

शेवटी एक वेळ येते की कंपाउंडला काढायला काही उरत नाही. जाळं दिसायला लागलेलं असतं, कडा उघड्या पडलेल्या असतात. तिथे नवा जेलकोट नाहीतर दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग, दुसरा उपाय नाही. आणि इतकी वर्षं ज्याने होडी राखली ते वॅक्स आता आडवं येतं, कारण त्यावर काहीच धरत नाही. सिलिकॉन असलेलं पॉलिश वापरलेलं असेल तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. म्हणून पेपर मारण्याच्या आधी वॅक्स काढायचं, नंतर नाही. आधी पेपर मारला तर तेच मेण ओरखड्यांत दाबलं जातं. मेण काढायचं सॉल्व्हंट एका फडक्याने लावा, दुसऱ्या स्वच्छ फडक्याने लगेच पुसा आणि फडकी बदलत राहा, नाहीतर मेण फक्त जागा बदलतं. मग पाणी मारा. ते सलग पसरलं तर पेपर हातात घ्या, थेंब थेंब जमले तर पुन्हा सॉल्व्हंट.